कडुनिंबाचा शेंडेमर



गुढीपाडव्याच्या सकाळी ज्या झाडाची कोवळी पालवी ओवा, मिरी, हिंग आणि गूळ यांच्या संगतीने आपल्या जिभेवर येते, त्या कडुनिंबाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. कडुनिंबाच्या गुणांचे स्तोत्र गाण्याचा माझा विचार नाही. ते काम आपल्या आज्या-पणज्यांनी केले आहे आणि वैद्यांनीही पुष्कळ केले आहे. ज्याच्याकडे आपण आजवर औषध मागण्यासाठी गेलो, तो वैद्यच आता रोगी झाला आहे. त्या रोगाचे स्वरूप काय, तो पसरतो कसा, आणि आपल्यासारख्या प्रापंचिक माणसांना त्याबाबत काय करता येईल, एवढेच सांगण्याचा हेतू आहे.

या रोगाला इंग्रजीत ‘डायबॅक’ म्हणतात. आपले बागाईतदार लिंबू-संत्र्याच्या अशाच दुखण्याला ‘शेंडेमर’ म्हणतात. तोच शब्द येथे योग्य होईल. झाड मुळापासून वर न मरता शेंड्यापासून खाली मरत येते, हे त्याचे मुख्य लक्षण. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिरव्यागार कडुनिंबाची टोके तांबूस दिसू लागतात, जणू कोणी वरून आगीची झळ लावली आहे. आठवड्या-दोन आठवड्यांत ती पाने करपतात, कोवळ्या काड्या वाळतात, आणि हिवाळ्याच्या तोंडी अर्धे झाड हिरवे व अर्धे भुरे असे चमत्कारिक दृश्य दिसते. इसवी सन २०२१ साली आपल्या शेजारच्या तेलंगण राज्यात हा रोग इतक्या विस्ताराने दिसला की, रस्त्यारस्त्याच्या कडेची झाडे करपलेली पाहून खेड्यांतील लोक भयभीत झाले. तेथील प्रोफेसर जयशंकर यांच्या नावाच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तपासणी करून ही करणी एका बुरशीची असल्याचे सांगितले, आणि तिच्या जोडीला एका रसशोषक किडीचाही हात असल्याचे निदर्शनास आणले.

त्या बुरशीचे शास्त्रीय नाव ‘फोमोप्सिस अझाडिराक्टी’ असे आहे. ती तेलंगणात अकस्मात अवतरली असे मात्र नव्हे. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी त्या भागातील आजारी कडुनिंबांवर संशोधन करून १९९७ साली तिचे वर्णन नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले होते. म्हणजे २०२१ साली जनसामान्यांना जी गोष्ट नवी वाटली, ती प्रयोगशाळेच्या दप्तरात सुमारे पाव शतक आधीच नोंदलेली होती. झाडांच्या आजाराची दखल आपण कधी घेतो, तर सावली नाहीशी झाल्यावर!

आता बुरशी म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. बुरशीच्या अंगी हरितद्रव्य नसते; स्वतःचे अन्न स्वतः तयार करण्याची विद्या तिला अवगत नाही. तिला कोणाच्या तरी घरी जेवावेच लागते. बहुतेक बुरशा मेलेल्या पाचोळ्यावर निर्वाह करतात, आणि त्या नसत्या तर जंगलात पाचोळ्याचे डोंगर साचले असते. काही थोड्या मात्र जिवंत झाडाच्या पंक्तीला बसतात. कडुनिंबावरील बुरशी ही त्यांपैकी. ती कोवळ्या शेंड्यातून आत शिरते, काडीतून खाली सरकते आणि वाटेतील पेशी मारीत जाते. मेलेल्या काडीच्या सालीवर मग मोहरीहून बारीक असे काळे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या पोटात असंख्य बीजाणू असतात. पावसाचे पाणी पडले की ते बाहेर पडतात आणि थेंबांच्या तुषारांबरोबर शेजारच्या फांदीवर जातात. श्रावण-भाद्रपदाची झड, दिवसेंदिवस ओली राहणारी पाने आणि त्यानंतरचा गारवा हे सर्व तिच्या पथ्यावर पडते.

दुसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. ही बुरशी फुलोऱ्यावर आणि निंबोळ्यांवरही पडते. फुलोरा करपतो, निंबोळी कुजते. रोग बळावला तर त्या झाडाची फळे जवळजवळ सर्वच्या सर्व हातची जातात. ज्या निंबोळ्या टिकतात, त्यांच्या बीतून ही बुरशी पुढील पिढीत उतरू शकते. अशा बियांपासून रोपे केली आणि ती दूरदेशी पाठविली, तर त्या रोपांबरोबर आपण रोगही पाठविला असे होते.

झाडे एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेताना त्यांच्याबरोबर काय काय जाते, याचा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. युरोपात ‘ॲश’ नावाचा एक थोर वृक्ष आहे. आपला पारिजातक, जाई-जुई आणि मोगरा ज्या कुळातील, त्याच कुळातील हा वृक्ष. लाकूड चिवट, म्हणून कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे त्याचे करीत. १९९२ च्या सुमारास पोलंड देशात ही झाडे शेंड्यापासून वाळताना प्रथम दिसली. कारण कळेना. चौदा वर्षांनी, २००६ साली, पोलंडमधील तादेउश कोवाल्स्की या शास्त्रज्ञाने त्यामागच्या बुरशीचे वर्णन केले. पुढे असे उघडकीस आले की, ही बुरशी मूळची पूर्व आशियातील. तेथील ॲशच्या भाऊबंदांशी तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास. त्यांच्या गळलेल्या पानांवर ती सुखाने राहते आणि झाडाला विशेष उपद्रव करीत नाही. युरोपातील झाडांना तिची ओळख नव्हती, म्हणून तीच बुरशी तेथे काळ होऊन बसली. मागील वर्षीच्या गळून पडलेल्या देठांवर उन्हाळ्यात तिची पांढरी, इवलीशी छत्रे उगवतात. त्यांतून उडालेले बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन नव्या पानांवर उतरतात.

इंग्लंड समुद्राने वेढलेले. तरीही २०१२ च्या आरंभी बकिंगहॅमशायर परगण्यातील एका रोपवाटिकेत, परदेशातून आणलेल्या रोपांवर ही बुरशी सापडली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सरकारने ॲशची रोपे आणण्यास बंदी घातली. परंतु तोवर बीजाणू रानात पोहोचले होते. त्या देशातील ऐंशी टक्क्यांपर्यंत ॲश वृक्ष या रोगाने जातील असा तेथील जाणकारांचा अंदाज आहे. लक्षात घ्या, ज्या देशात ॲशचे बी पडेल तेथे आपोआप उगवते, त्या देशाने त्याची रोपे बाहेरून विकत आणली होती!

अशीच कथा अमेरिकेतील चेस्टनट वृक्षाची. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात त्याचा रोग प्रथम लक्षात आला. आशियातून आलेल्या त्या बुरशीने पुढील अर्ध्या शतकात सुमारे चार अब्ज झाडे संपविली. एल्म वृक्षांची गतही निराळी झाली नाही. अमेरिकेतून आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबरोबर रोगाचा अधिक उग्र प्रकार ब्रिटनमध्ये शिरला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील अडीच कोटींवर एल्म गेले. आणि आपल्या शेजारच्या सिंहलद्वीपाचे उदाहरण तर शाळकरी मुलालाही सांगण्यासारखे आहे. तेथे १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला, काही वर्षांत कॉफीचे मळे उजाड झाले, आणि मळेवाल्यांनी नाइलाजाने चहा लावला. आज आपण सिलोनचा चहा म्हणून ज्याची वाखाणणी करतो, त्याच्या मुळाशी एक बुरशी आहे.

या परदेशी कथांत आणि आपल्या कडुनिंबाच्या कथेत एक महत्त्वाचा भेद आहे, तो दृष्टीआड करणे बरोबर होणार नाही. ॲशचा शत्रू परका होता. कडुनिंबावरील बुरशी ओळखली गेली ती याच देशात. ती कोठून दूरदेशाहून आली असे म्हणण्यास आधार नाही. घरचा शत्रू आणि घरचे झाड यांची पुष्कळदा तडजोड झालेली असते. म्हणूनच कडुनिंबाचे शेंडे मेले तरी त्याचे बुंधे व जाड फांद्या बहुधा जिवंत राहतात आणि फाल्गुन-चैत्रात खालच्या डोळ्यांतून नवी पालवी फुटते. परंतु तीच दुखणी दरसाल उलटत राहिली, तर प्रत्येक खेपेस झाडाचा थोडा थोडा घेर कमी होतो, आणि दुबळ्या किंवा कोवळ्या झाडाचा शेवट होतो. यास्तव घाबरून जाण्याचे जसे कारण नाही, तसेच डोळे मिटून स्वस्थ बसण्याचेही नाही.

येथे एक शंका चाणाक्ष श्रोत्यांच्या मनात येईल. कडुनिंबाचे तेल बुरशीनाशक म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच गुणावर एका अमेरिकन कंपनीला व अमेरिकेच्या शेतीखात्याला युरोपात १९९४ साली एकस्वाचा हक्क मिळाला होता. ही विद्या भारतात पूर्वापार चालत आली आहे, असे दाखवून तो हक्क २००० साली रद्द करविण्यात आला आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. मग ज्या झाडाचे तेल बुरशी मारते, त्याच झाडाला बुरशी कशी मारते? उत्तर असे की, औषधी द्रव्यांचा मोठा साठा बीमध्ये असतो. कोवळ्या शेंड्याचे बळ बीच्या तेलाएवढे नसते. शिवाय कोणतेच औषध सर्व बुरशांवर सारखे चालत नाही. जी बुरशी कडुनिंबावरच वाढण्यास सरावली आहे, तिने त्याचा कडूपणा पचविला आहे एवढेच.

आता हे झाड आजारी पडल्याने आपले नेमके काय जाते? नगरवासी गृहस्थ म्हणेल, सावली जाते. खरे आहे, परंतु शेतकऱ्याचे त्याहून अधिक जाते. ज्येष्ठ-आषाढात बायामुले झाडाखालच्या निंबोळ्या वेचतात. त्या वाळवून, फोडून, पाच किलो गराची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, वस्त्रगाळ करून शंभर लिटर पाण्यात मिसळली की पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क तयार होतो. पिकावरील किडीसाठी याहून स्वस्त औषध गरीब शेतकऱ्याला दुसरे नाही. २०१५ सालापासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले, त्यालाही निंबोळीच लागते. धान्याच्या कणगीत पाला घालण्याची आणि बाळंतिणीच्या खोलीत धुरी देण्याची रीत तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. फुलोरा करपला म्हणजे या सर्व व्यवहाराच्या मुळावरच घाव बसतो.

मी राहतो ते मारुंजी गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारी आहे. ज्या बांधांवर पूर्वी लिंब, बाभूळ आणि करंज होते, तेथे आता पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. जे कडुनिंब राहिले, त्यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट येऊन पोहोचले आहे. आमच्या वस्तीतील अशाच एका कडुनिंबाचे शेंडे एका वर्षी पावसाळ्याअखेर वाळले. काही गृहस्थांनी तात्काळ निर्णय दिला, ‘झाड मेले आहे, तोडून टाका, मोटारी ठेवण्यास जागा होईल.’ एका वृद्ध बाईंनी, ज्या मूळच्या याच गावच्या, ‘चैतापातुर थांबा, बाबांनो,’ एवढेच म्हटले. थांबणे भाग पडले. कारण तोडणाऱ्याचा भाव ऐकून मंडळींचा उत्साह मावळला. चैत्रात त्या झाडाच्या दोन तृतीयांश फांद्यांना पालवी फुटली. त्याला हाच रोग होता, किडीची बाधा होती, की पाया खणताना मुळे तुटली होती, हे प्रयोगशाळेत तपासल्यावाचून कोणालाही सांगता येणार नाही. परंतु तपासणीपूर्वीच फाशीची शिक्षा देण्याची घाई माणसाच्या बाबतीत जशी अन्यायाची, तशीच झाडाच्या बाबतीतही.

तेव्हा प्रथम परीक्षा करावी. माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पाने पिवळी पडून गळतात, तो रोग नव्हे. तो त्याचा नित्य धर्म. पावसाळ्यात वा त्यानंतर शेंड्याची पाने तांबूस होऊन काडीसकट वाळली, तर संशय घ्यावा. वाळलेल्या काडीवर काळे ठिपके दिसतात का, ते भिंगाने पाहावे. कोकणात काजूच्या मोहोराला सतावणारा जो ‘ढेकण्या’, त्याच्याच जातीचा कीटक कडुनिंबाच्या कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो; त्याने केलेल्या जखमा बुरशीला आयती वाट करून देतात. म्हणून कीड आहे का, तेही पाहावे. फांदी जिवंत आहे की मेली, याची कसोटी सोपी आहे. नखाने साल किंचित खरवडावी; खाली हिरवे निघाले तर जीव आहे. निश्चित निदानासाठी नमुना कृषी महाविद्यालयाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागास दाखवावा. १९४६ साली स्थापन झालेल्या संस्थेतून वाढलेली पुण्याची आघारकर संशोधन संस्था तर बुरशांचा राष्ट्रीय संग्रह सांभाळते. जी विद्या आपल्या दाराशी आहे, तिच्याकडे न जाता ऐकीव उपाय करीत बसणे शहाणपणाचे नाही.

उपायांत पहिला उपाय कात्रीचा. पाऊस उघडून हवा कोरडी झाली म्हणजे मेलेल्या काड्या, खाली वीतभर निरोगी भाग घेऊन छाटाव्यात आणि त्या तेथेच टाकून न देता नष्ट कराव्यात. कारण पुढील पावसाळ्याचे बीजाणू त्यांतच दडलेले असतात. प्रत्येक झाड झाल्यावर हत्यार पुसून निर्जंतुक करावे. मोठ्या छेदावर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. भांडे लोखंडाचे घेऊ नये. हे मिश्रण फ्रान्समधील बोर्डो प्रांतात १८८५ च्या सुमारास द्राक्षांच्या केवडा रोगावर निघाले. तो रोगही अमेरिकेतून युरोपात गेलेला पाहुणाच होता! नाशिकचे द्राक्षबागाईतदार हे औषध चांगले ओळखतात. रोपांवर व लहान झाडांवर जाणकाराच्या सल्ल्याने बुरशीनाशकाची व कीटकनाशकाची फवारणी करता येते. तीस-चाळीस फुटांच्या वृक्षावर, वस्तीच्या मधोमध, विषारी औषध उडविणे मात्र व्यवहार्यही नाही आणि हितावहही नाही. मोठ्या झाडाला त्याच्या स्वतःच्या शक्तीवर सोडून त्या शक्तीला हातभार लावावा. बुंध्याभोवतीचे सिमेंट काढून निदान तीन-चार फूट माती मोकळी करावी, मुळांशी पाणी साचू देऊ नये, खोडाला खिळे ठोकून पाट्या लावू नयेत. कडुनिंब कोरड्या प्रदेशाचे झाड. अवर्षण तो सोसतो, पण पाण्यात उभे राहणे त्याला सोसत नाही.

झाड खरोखरच मेले असेल, तरी शहराच्या हद्दीत ते परवानगीवाचून तोडता येत नाही. १९७५ सालच्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. हा कायदा लोकांना जाचक वाटतो. परंतु चैत्रापर्यंत थांबण्यास भाग पाडणारे असे काही तरी हवेच.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नव्या लागवडीचा. दर पावसाळ्यात आमच्या भागात कारखाने, कार्यालये व गृहसंस्था उत्साहाने वृक्षारोपण करतात. मालमोटार भरून एकाच जातीची रोपे येतात, छायाचित्रे निघतात, आणि रोपे कोठून आली, कोणत्या झाडाच्या बीची आहेत, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारला पाहिजे. इंग्लंडला तो विचारण्यास उशीर झाला. परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी आपल्याकडे २००३ सालचा वनस्पती-विलगीकरणाचा आदेश आहे. पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात येणाऱ्या रोपाची तपासणी करणारा अधिकारी म्हणजे ते विकत घेणारा गृहस्थ स्वतः. कडुनिंब लावावयाचा असेल, तर आपल्याच भागातील निरोगी, भरघोस फळणाऱ्या झाडाखालची ताजी निंबोळी आणून रोप करावे. निंबोळीची उगवणशक्ती लवकर नाहीशी होते, म्हणून ती वेचल्यावर थोड्याच दिवसांत पेरावी. खर्च काही नाही, मुलांना उद्योग मात्र होतो.

तसेच, सगळी मदार एकाच जातीवर ठेवू नये. अमेरिकेतील फ्रँक सँटामूर या वृक्षशास्त्रज्ञाने १९९० साली नगरवनांसाठी एक साधा दंडक सांगितला. शहरातील झाडांपैकी शेकडा दहाहून अधिक एका जातीची, वीसहून अधिक एका प्रजातीची आणि तीसहून अधिक एका कुळातील असू नयेत. एल्म गेले तेव्हा ज्या रस्त्यांवर केवळ एल्म होते, ते रस्ते उघडे पडले. या अनुभवामागून तो नियम आला. आपल्याकडे तर निवडीला वाण नाही. करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ, उंबर, कांचन, पळस, शिरीष अशी सोबत कडुनिंबाला दिली, तर एका रोगाने सारी आळी उजाड होणार नाही.

ॲशच्या बाबतीतही सर्वच निराशेचे नाही. इंग्लंडमधील सरे परगण्यातील एका रानाच्या अभ्यासातून शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केले की, जुन्या झाडांच्या मानाने त्यांच्या पोटी जन्मलेल्या नव्या रोपांत रोग सोसण्याची शक्ती थोडी अधिक आढळते. जी झाडे टिकली, त्यांच्या बीतून ती शक्ती पुढे गेली. हे घडले, कारण तेथे टिकलेली झाडे उभी होती आणि त्यांचे बी जमिनीवर पडून रुजू शकले. आपल्या कडुनिंबांतही काही झाडे शेजारी रोगी असता निरोगी राहिलेली दिसतील. तीच उद्याची बियाण्याची झाडे होत. ती कोणती, हे शोधण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या गल्लीतील झाडांकडे आश्विनात एकदा आणि चैत्रात एकदा लक्षपूर्वक पाहणारा आणि वहीत टिपून ठेवणारा माणूस लागतो. आपल्या घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला येत्या आश्विनापासून हे काम सोपवावे, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.